पावातील मीठ : ब्रिटनमधील एका आरोग्यप्रयत्नाचा इतिहास

मिठाचा इतिहास म्हटला की आपणांस १९३० साल आठवते. दांडीप्रमाणेच कोकणात शिरोड्यालाही त्या वर्षी मिठाचा सत्याग्रह झाला आणि गरिबाच्या मिठावर कर घेणाऱ्या राजसत्तेला आव्हान मिळाले. त्याच ब्रिटनपुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस मिठाचा निराळाच प्रश्न उभा राहिला. आपल्या नागरिकांच्या पोटात नकळत जाणारे मीठ कमी कसे करावे, हा तो प्रश्न. त्याची हकीकत आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध फ्रान्समधील वैद्यकतज्ज्ञांनी १९०४ मध्येच नोंदविला होता. पुढे १९८८ साली ‘इंटरसॉल्ट’ या अभ्यासात ३२ देशांतील ५२ केंद्रांवर दहा हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. जे समाज मीठ अत्यल्प खातात, त्यांच्यात वयाबरोबर रक्तदाब फारसा चढत नाही, असे तीत आढळले. वाढलेला रक्तदाब म्हणजे पक्षाघात व हृदयविकार यांना आमंत्रण. त्यामुळे हा प्रश्न केवळ चवीचा उरला नाही.

ब्रिटनमध्ये १९९४ साली तज्ज्ञसमितीने मिठाचे प्रमाण दिवसाला ९ ग्रॅमवरून ६ ग्रॅमवर आणावे अशी शिफारस केली. पण ती तेव्हा उचलून धरली गेली नाही. अडचण उघड होती. तेथील आहारातील सुमारे तीन चतुर्थांश मीठ पाव, चीज, सॉसेज, सूप अशा तयार पदार्थांतून येत होते. कारखानदारास मीठ सोयीचे असते, कारण ते स्वस्तात चव देते, पदार्थ टिकविते आणि मांसात पाणी धरून त्याचे वजन वाढविते. घरच्या टेबलावरील मिठाची कुपी दूर सारून भागण्यासारखे नव्हते.

१९९६ मध्ये प्राध्यापक ग्रॅहम मॅकग्रेगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॅश’ ही संस्था स्थापन केली. २००० साली अन्नमानक संस्था अस्तित्वात आली, २००३ मध्ये नव्या शास्त्रीय अहवालाने जुनी शिफारस उचलून धरली, आणि २००६ मध्ये ८० हून अधिक पदार्थगटांसाठी मिठाची उद्दिष्टे जाहीर झाली. युक्ती साधी होती. जिभेला कमी मिठाची सवय काही आठवड्यांत होते. म्हणून मीठ एकदम न घटविता पायरीपायरीने घटवावे आणि सर्व कंपन्यांनी ते एकाच वेळी करावे. एकट्याने मीठ कमी करणारा ग्राहक गमावतो. सर्वांनी मिळून केले तर कोणाचेच नुकसान होत नाही.

परिणाम मोजून पाहता आला. २००१ ते २०११ या काळात पावातील मीठ सुमारे एक पंचमांशाने उतरले. प्रौढांच्या आहारातील मीठ सरासरी ९.५ ग्रॅमवरून ८.१ ग्रॅमवर आले. २००३ ते २०११ दरम्यान वरचा रक्तदाबही सरासरी सुमारे ३ अंकांनी खाली आला. या उतारास अन्य कारणेही होती, तरी मिठाचा वाटा त्यात मोठा असावा असे अभ्यासकांनी मानले. मात्र २०११ मध्ये हे काम कंपन्यांच्या स्वेच्छेच्या वचनांवर सोपविण्यात आले आणि घट जवळपास थांबली. २०१८-१९ च्या मोजणीत सरासरी ८.४ ग्रॅम भरली. दक्षिण आफ्रिकेने निराळी वाट धरली. तेथे २०१३ मध्ये नियम करून २०१६ पासून पाव व इतर पदार्थांतील मिठास कायद्याची मर्यादा घातली गेली.

आपल्याकडील परिस्थिती वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते. भारतीय प्रौढ त्याच्या सुमारे दुप्पट खातो. त्यातील बरेचसे आमटी, लोणचे, पापड यांतून, म्हणजे आपल्याच हाताने पडते. तो हात आवरणे आपल्या स्वाधीन आहे. परंतु इंदूरची शेव असो वा वडोदऱ्याचा चिवडा, पूर्वी दुकानात तोलून मिळणारे पदार्थ आता बंद पाकिटांतून घरोघर पोहोचतात, आणि त्यांत किती मीठ घालावे हे दुसराच कोणी ठरवितो. पाकिटावर मिठाऐवजी सोडियम छापलेले असते; ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ, हा हिशेब किती ग्राहकांस ठाऊक असेल?

ब्रिटनच्या इतिहासातून आम्हांस एवढेच दिसते की, लोकांना उपदेश करून जे मीठ कमी होत नाही, ते कारखान्यात मोजून कमी करता येते. मात्र मोजणारा व जाब विचारणारा जागा असावा लागतो. तो दूर झाला की मीठ हळूहळू परतते.