दगडातला क्षार आणि त्वचेचा विकार

स्वीडनमधील स्टॉकहोमजवळ उटो नावाचे एक लहानसे बेट आहे. तेथील पेटलाइट या खनिजाचे वर्णन १८०० साली प्रथम केले ते ब्राझीलमध्ये जन्मलेल्या जुझे बोनिफासियु यांनी. हेच गृहस्थ पुढे १८२२ साली ब्राझीलला पोर्तुगालपासून स्वतंत्र करण्यात अग्रभागी होते, हे गोव्यातील श्रोत्यांना विशेष वाटेल. १८१७ साली त्याच दगडात बर्झेलियसच्या प्रयोगशाळेतील तरुण आर्फवेडसनला एक नवे मूलद्रव्य आढळले. दगड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव लिथियम पडले.

वैद्यकात लिथियमचा प्रवेश झाला तो वातरक्तावरील औषध म्हणून. लंडनच्या गॅरड यांनी १८५९ साली त्याचा पुरस्कार केला आणि मग लिथियमच्या पाण्याचे खूळच माजले. अमेरिकेतील सेव्हन-अप या पेयातही १९२९ पासून १९४८ पर्यंत ते असे! १९४९ साली मात्र तेथे मीठ वर्ज्य असलेल्या रुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड दिले गेले आणि काही जण विषबाधेने दगावले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी उन्मादावर ते गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले, हा योगायोग विलक्षणच.

त्वचेशी लिथियमचे नाते दुहेरी आहे. पोटात घेतलेले लिथियम काहींचा सोरायसिस बळावते, मुरुमे उठवते. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी अंगावर चट्टे उठताच गोळ्या परस्पर बंद केल्या. काही महिन्यांत मनाचा जुना आजार परतला आणि घरच्यांचे फार हाल झाले. उलट, याच गोळ्या घेणाऱ्या काही रुग्णांचा सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे डोक्यावर, भुवयांत आणि नाकाच्या कडेला येणारा लालसर, खपल्यांचा विकार, निवळल्याचे डॉक्टरांना दिसले. मग तोच क्षार बाहेरून का लावू नये? ब्रिटनमध्ये लिथियम सक्सिनेटचे ८ टक्क्यांचे मलम तयार झाले, त्यात किंचित झिंक सल्फेटही असे. १९८६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिथियम सक्सिनेटच्या अशा वापराचा वृत्तांत आला. पुढे फ्रान्समध्ये ८ टक्के लिथियम ग्लुकोनेटचा जेल निघाला. किटोकोनाझोलशी तुलना करता तो उणा ठरला नाही.

या विकारात मॅलासेझिया नावाचे किण्व त्वचेच्या तेलावर पोसले जाते. लिथियममुळे त्याला मिळणारी स्निग्धाम्ले घटतात व दाहही कमी होतो, असे संशोधक मानतात. मलमातून रक्तात उतरणारे लिथियम अत्यल्प असते. गोळ्या घेणाऱ्याला मात्र ठरावीक काळाने रक्त तपासून घ्यावे लागते.