फिल्म की डिजिटल? फाळक्यांना विचारा!

कर्वेनगरातल्या आमच्या कट्ट्यावर सध्या एकच वाद आहे. बजेट कमी, मग सेकंडहँड फिल्म कॅमेरा घ्यायचा की डिजिटल? फिल्मवाला स्वस्तात मिळतो म्हणून पोरं तिकडे झुकतात.

मंडळी, जरा मागे जाऊ. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके विमा पॉलिसी तारण ठेवून लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण खर्च तिथे कुठला थांबायला? कच्ची फिल्म परदेशातून यायची, आणि तिला अंधारात भोकं पाडायचं काम घरी सरस्वतीबाई करायच्या. भांडवल मिळवण्यासाठी फाळक्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेतली. फिल्म थोडी, चमत्कार मोठा! कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर १९१८ पर्यंत कॅमेराच स्वतः बनवला. फिल्म मात्र विकतच आणावी लागली. खरी मेख इथेच आहे.

१९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा केला. फोटो ०.०१ मेगापिक्सेलचा, साठवायला २३ सेकंद. रोल विकून जगणाऱ्या कंपनीला त्याचं कौतुक किती असणार? २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. असो.

आता आपला हिशोब. समजा फिल्म कॅमेरा ५ हजार, जुना डिजिटल २० हजार. रोल, धुणं, स्कॅनिंग मिळून हजार धरा. म्हणजे १५ रोल, ५४० फोटो, की वाचवलेले पैसे संपले. शिकणारा माणूस एवढे फोटो सिंहगडाच्या दोन फेऱ्यांत काढतो. माझं मत सरळ डिजिटलला.

फिल्मचाच हट्ट असेल तर आधी घरचा माळा शोधा. आणि मागच्या झाकणाचा फोम तपासा, उजेड आत शिरला की रोल गेला.