इंजिनबदलातील इंधनदाब

इंजिनबदलातील इंधनदाब : कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या जुन्या मोटारीत फ्युएल इंजेक्शनचे इंजिन बसवताना इंजेक्टरांपर्यंत पेट्रोल ज्या दाबाने पोहोचवावे लागते तो दाब. हा दाब पंप ठरवत नाही. इंजिनाचे इंजेक्टर आणि ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) ज्या दाबाला जुळवलेले असतात तोच त्या इंजिनाचा दाब. रेग्युलेटर तो राखतो आणि तेवढ्या दाबाला पुरेसे पेट्रोल देणे एवढेच पंपाचे काम असते. इंजिनबदलाच्या कामात पैसा वाया जातो तो आधी दाब, मग पंप हा क्रम उलटा लावल्याने.

कार्ब्युरेटरला ४ ते ७ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) पुरतात. त्यापेक्षा फार जास्त दाब आला की फ्लोटची सुई पेट्रोल अडवू शकत नाही आणि कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो. इंजिनावर बसवलेला जुना यांत्रिक पंप एवढ्याच बेताचा असतो, त्यामुळे इंजेक्शनच्या इंजिनाला तो निरुपयोगी ठरतो.

मात्र ‘इंजेक्शनचे इंजिन’ एवढ्या माहितीवर नवा पंप घेता येत नाही. अमेरिकेत इंजिनबदलासाठी हमखास वापरली जाणारी जनरल मोटर्सची व्ही-८ इंजिने पाहिली तरी हे कळते. थ्रॉटल बॉडीवर दोन इंजेक्टर असलेल्या टीबीआय इंजिनाला ९ ते १३ पीएसआय लागतात. १९८५ साली कॉर्व्हेट आणि कॅमॅरोत आलेल्या ट्यून्ड पोर्ट इंजेक्शनला ४३ च्या आसपास, तर १९९७ च्या कॉर्व्हेटमधील एलएस१ ला ५८. १९९६ पासून ट्रकमध्ये आलेले व्हॉर्टेक ५७०० तर ६० ते ६६ मागते. त्याच्या इंजेक्टरच्या टोकांवरील पॉपेट झडपा स्प्रिंगविरुद्ध पेट्रोलच्या दाबानेच उघडतात. म्हणून दाब पाच-सहा पीएसआयने कमी पडला तरी स्टार्टर फिरत राहतो, ठिणगी व्यवस्थित पडते आणि इंजिन मात्र सुरू होत नाही. अशा वेळी प्लग आणि डिस्ट्रिब्युटर बदलत बसण्यापेक्षा पेट्रोलच्या पाइपला दाबाचा गेज लावावा.

इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. ४३.५ पीएसआयला जुळवलेल्या इंजेक्टरला ५८ दिले, तर दाब एक तृतीयांशाने वाढतो, पण पेट्रोल सुमारे १५ टक्केच जास्त जाते. हे १५ टक्केही थोडे नाहीत. ईसीयूला त्यांचा पत्ता नसेल, तर मिश्रण रिच होते आणि प्लग काळे पडतात. उलट दिशेची चूक अधिक घातक आहे, कारण भाराखाली लीन चाललेल्या इंजिनाचे पिस्टन जळू शकतात.

रेग्युलेटरला मॅनिफोल्डची व्हॅक्यूम नळी जोडलेली असेल, तर इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक कायम राहतो. फोर्डच्या ५.० लिटर मस्टँगमध्ये हे प्रत्यक्ष दिसते : इंजिन आयडलला असताना काटा ३० च्या जवळ असतो, नळी काढली की ३९ वर चढतो. तपासणी नळी काढूनच करायची असते. एलएस इंजिनांपैकी अनेकांत ही नळी नसते. तिथे दाब ५८ वर स्थिर असतो आणि व्हॅक्यूमचा हिशेब ईसीयू स्वतः करतो. अशा इंजिनाला व्हॅक्यूमवर चालणारा रेग्युलेटर लावून प्रोग्रॅम तसाच ठेवला, तर आयडलला मिश्रण लीन होते. १९९९ च्या कॉर्व्हेटचा फिल्टर आणि रेग्युलेटर एकत्र असलेला डबा म्हणूनच या कामात इतका रुळला. टाकीजवळ तो बसवला की पुढे इंजिनापर्यंत एकच पाइप न्यावा लागतो.

दाब पक्का झाल्यावरच पंपाचा आकार पाहावा. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला पूर्ण ताकदीवर दर अश्वशक्तीमागे ताशी साधारण सव्वादोनशे ग्रॅम पेट्रोल लागते. ३०० अश्वशक्तीला हा हिशेब ताशी ९० लिटरवर जातो. पंपावर छापलेला लिटरचा आकडा कोणत्या दाबाचा आणि किती व्होल्टचा आहे हे वाचणे आवश्यक असते, कारण दाब वाढला की पुरवठा घटतो. टर्बो असेल तर १ बार बूस्टला इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या रेलमधला दाब ३ वरून ४ बारवर जातो, म्हणजे सर्वाधिक पेट्रोल हवे असते तेव्हाच पंपावर सर्वाधिक ताण येतो. जुन्या गाडीची बारीक वायर तिथे व्होल्टेज खाते. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि रिले घेणे चांगले.

पाइपांबाबत तडजोड नको. कार्ब्युरेटरसाठीचा एसएई जे३०आर७ रबरी पाइप ५० पीएसआयपर्यंतच चालतो, इंजेक्शनला जे३०आर९ किंवा त्याहून वरचा लागतो. जुन्या टाकीत आडव्या पट्ट्या नसतील, तर वळणावर पेट्रोल एका बाजूला जाते, पंप हवा ओढतो आणि दाब क्षणात कोसळतो. त्यासाठी टाकीत पंपाभोवती कप्पा करतात किंवा वेगळी लहान सर्ज टाकी बसवतात. गेज काचेबाहेर दिसेल असा बांधून पूर्ण भाराखाली गाडी चालवली असता काटा खाली येत गेला, तर दोष फिल्टर, वायरिंग किंवा पंपाकडे शोधावा. रेग्युलेटरचा स्क्रू पिळून तो निघत नाही.