कार्ल्याचे लेणे कोणी कोरले? श्रेयाच्या वादाची गोष्ट

१/७ पुण्याहून साधारण ६० किलोमीटरवर, एकवीरा देवीच्या मंदिरामागे कार्ल्याचे चैत्यगृह उभे आहे. लांबी सुमारे ३८ मीटर, उंची सुमारे १४ मीटर, आणि हे सारे एकाच कातळातून वरून खाली कोरत आणलेले. लोकपरंपरा सांगते की पांडवांनी हे एका रात्रीत घडवले. एवढे काम माणसांच्या हातून झाले असेल, हे मनाला पटत नाही, तेव्हा अशा कथा जन्म घेतात.

२/७ परकीयांनाही ते पटले नाही. १६व्या शतकात गार्सिया द ओर्ता याने घारापुरीचे लेणे चिनी लोकांनी कोरल्याची वदंता नोंदवली आहे. पुढे काही युरोपीय लेखकांनी त्याचे श्रेय थेट सिकंदराला दिले.

३/७ आफ्रिकेत हाच विचार सत्तेचे हत्यार झाला. ग्रेट झिम्बाब्वेचे दगडी नगर शोना लोकांच्या पूर्वजांनी उभारले. १८७१ मध्ये तेथे पोहोचलेल्या कार्ल माऊखने मात्र त्याचा संबंध शेबाच्या राणीशी जोडला. १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खननाच्या आधारे ते स्थानिकांचेच असल्याचे दाखवले. तरी ऱ्होडेशियातील गोऱ्या राजवटीला ते मान्य करणे सोयीचे नव्हते.

४/७ ग्रेट झिम्बाब्वेच्या भिंतींवर लेख नाहीत. कार्ल्याच्या भिंती मात्र बोलतात. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला आणि असे लेख वाचता येऊ लागले. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल हे शैलगृह पूर्ण केल्याचे सांगतो. सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. दानकर्त्यांत व्यापारी आहेत, भिक्षू आहेत, स्त्रियाही आहेत.

५/७ सर्वांत बोलका लेख एका कारागिराचा आहे. धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा पुत्र, दार आपण केल्याचे नोंदवतो. दगडाच्या लेण्यात सुताराचे काय काम? छताकडे पाहिले की उत्तर मिळते. तेथील लाकडी कमानी कसलाही भार पेलत नाहीत. लाकडी वास्तूंची सवय झालेल्या हातांनी तोच घाट कातळात उतरवला, म्हणून त्या तेथे आहेत.

६/७ वाद पूर्णपणे मिटलेला नाही. अनेक दात्यांचे गाव असलेले धेनुकाकट नेमके कोठे होते? कोणी आंध्रातील धरणीकोट सुचवले, कोणी डहाणू. पुण्यात राहून या लेण्यांचा माग काढणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी ते कार्ल्याजवळच असल्याचे मत मांडले. त्या गावचे काही दाते स्वतःस ‘यवन’ म्हणवतात, पण त्यांची नावे सिंहधय, धम्म अशी आहेत. परदेशातून आलेली माणसे येथे दाते म्हणून, येथल्याच नावांनी नांदत होती.

७/७ पांडव, चिनी, सिकंदर, शेबाची राणी या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे: त्यांत छिन्नी धरणारा हात दिसत नाही. कार्ल्यात निदान एका सुताराचे नाव उरले. दारातून आत जाताना ते आठवावे.