घट, वृंदावन आणि बाटलीतला वेल

घरात एखादे रोप असावे, ते टवटवीत राहिले तर बरकत यावी आणि सुकले तर मनात पाल चुकचुकावी, ही भावना आमच्या लोकांत जुनीच आहे. बदलले आहे ते रोप. जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण जे मेढा, तेथील जुन्या घरांच्या अंगणात तुळशीवृंदावन आहे, आणि त्याच गावच्या नव्या इमारतीच्या खिडकीत काचेच्या बाटलीतला हिरवा-पिवळा वेल पाण्यावर वाढत आहे. दोहोंकडून मागणे एकच, की घरात लक्ष्मी नांदावी. परंतु दैव म्हणजे काय, याविषयीच्या दोन निरनिराळ्या कल्पना या दोन रोपांच्या मागे उभ्या आहेत, असे आम्हांस वाटते. त्यांचा इतिहास थोडक्यात पाहू.

खऱ्या अर्थाने छपराखाली वाढणारे आमचे मंगल रोप कोणते, असे विचारल्यास पुष्कळजण तुळशीचे नाव घेतील. पण ते उत्तर बरोबर नव्हे. तो मान नवरात्राच्या घटाचा आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदेस शेतातील माती पत्रावळीवर किंवा परडीत पसरतात, तीत सात किंवा नऊ प्रकारचे धान्य पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवितात. या मांडणीतील शहाणपण पाहण्यासारखे आहे. घटाच्या अंगातून पाणी थोडे थोडे पाझरते. त्यामुळे माती ओली राहते, पण चिखल होत नाही. देवघरात ऊन पोहोचत नाही, म्हणून अंकुर हिरवे न होता पिवळसर व उंच वाढतात. वनस्पतिशास्त्र यास उजेडाच्या अभावाचे लक्षण म्हणेल; पाहणाऱ्यास त्यात पिकल्या शेताचा रंग दिसतो. दसऱ्यास हे तुरे देवास वाहून पुरुष टोपीत किंवा पागोट्यात खोवितात. अंकुर दाट आला तर साल चांगले जाईल, विरळ आला तर जपून असावे, असा संकेत आहे.

हा संकेत निव्वळ भोळेपणाचा नव्हता. कणगीतील कोणते बी रुजते आणि कोणते किडले, हे नऊ दिवसांत डोळ्यांस दिसते, आणि रब्बीची पेरणी त्याच सुमारास तोंडावर येते. विधी याच हेतूने निघाला असा आमचा आग्रह नाही. पण घरचे बी पेरणाऱ्या कुणब्यास घटाने खरीखुरी बातमी दिली, यात शंका नाही. १९६४ मध्ये संकरित ज्वारीचे पहिले वाण प्रसारित झाले आणि पुढे बी कणगीतून निघण्याऐवजी दुकानातील पिशवीतून येऊ लागले. घट राहिला, त्याने द्यावयाची बातमी मात्र पुष्कळशी गेली.

आता तुळस. ती घराची खरी, पण घरातली नव्हे. लिनीअसने १७५३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले, त्यापूर्वी कितीतरी शतके आमच्या बायकांस तिचा स्वभाव ठाऊक होता: तिला ऊन हवे, मुळांशी साचलेले पाणी नको, आणि मंजिरी वेळच्या वेळी खुडली नाही तर बी धरून ती लवकर म्हातारी होते. महाबळेश्वरी उगम पावणारी वेण्णा मेढ्यावरून वाहते. त्या बाजूचा आषाढातील पाऊस ज्याने पाहिला आहे, त्यास वृंदावन जमिनीपासून उंच का बांधतात हे सांगावयास नको. उंचीने पावित्र्य राखले जाते आणि मुळेही कुजत नाहीत. पाऊस सरला म्हणजे कार्तिक शुद्ध द्वादशीपासून तुळशीची लग्ने लागतात. हीच वेण्णा पुढे संगम माहुलीस कृष्णेस मिळते, आणि त्या ठिकाणी सातारच्या राजघराण्यातील माणसांच्या समाध्या आहेत. समाधीसही आमच्या भाषेत वृंदावन म्हणतात. ज्या शब्दाने अंगणातील रोपाचे घर सांगावे, त्याच शब्दाने मृताच्या स्मृतीचे घर सांगावे, यावरून त्या रोपाची योग्यता कळते.

तुळशीविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. ती दारासमोर असते. तिला सकाळी पाणी घातले की नाही, सांजवेळी दिवा लागला की नाही, हे येणारा-जाणारा पाहतो. म्हणजे तिचे दैव हे नित्य कर्तव्याचे दैव आहे, आणि त्यास गाव साक्षी आहे.

पुढे अंगणच सुटले. कोयनेच्या जलाशयाखाली जावळीतील कित्येक गावांची भुई गेली. त्याआधीपासूनच पोटासाठी मुंबईची वाट धरलेली होती. चाळीच्या गॅलरीत तुळस डालड्याच्या डब्यात लागली. डब्यास भोक नाही, गॅलरीस ऊन नाही. बिचारी दोन-तीन महिन्यांत काडी होई, आणि घरातील बाई आपल्याच हातून काही चुकले असे मानून झुरत असे. चूक तिची नव्हती, जागेची होती.

ही मोकळी झालेली जागा ज्या वेलाने घेतली, तो फार लांबचा आहे. मनी प्लँट हा मूळचा प्रशांत महासागरातील मोरेआ बेटाचा. १८८० मध्ये युरोपात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले. अशी कोवळी रोपे समुद्रापार जिवंत नेण्याची विद्या त्यापूर्वीच सिद्ध झाली होती. १८२९ मध्ये लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरास बंद बाटलीतील ओल्या मातीत नेचा उगवलेला दिसला. त्यावरून त्याने काचेच्या पेट्या केल्या आणि १८३३ मध्ये त्यांतून रोपे सिडनीस धाडली. चहाची रोपे चीनमधून हिंदुस्थानात आली तीही अशाच पेट्यांतून. दिवाणखान्यातील झाड हे या व्यापाराचे अपत्य होय.

या वेलास लागवडीत जवळजवळ कधीच फूल येत नाही. फुलण्यास लागणारे संप्रेरक त्याच्या अंगी तयार होत नाही, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. म्हणून तो बियांनी वाढत नाही, कांडीनेच वाढतो. पेरे असलेली कांडी पाण्यात ठेवावी, पाणी आठवड्यास बदलावे, उजेड द्यावा पण कडक ऊन देऊ नये, आणि पाने लहान मुलांच्या व मांजरांच्या तोंडी लागू देऊ नयेत, कारण त्यांचा रस तोंडास झोंबतो. एवढ्यावर तो वर्षानुवर्षे जगतो. पैसा हवा तर वेल चोरून आणावा, अशी एक समजूत आहे. कांडीवाचून दुसरा उपाय नसलेल्या झाडाविषयी ही कल्पना निघाली यात नवल नाही. पण घटाचे तुरे एकमेकांस द्यावयाचे आणि हा वेल शेजाऱ्याच्या कुंडीतून गुपचूप तोडावयाचा, हा फरक डोळ्यांआड करता येत नाही.

बांबू नसलेला ‘लकी बांबू’ आफ्रिकेतून चीनच्या वाटेने आला, त्याची कथाही अशीच. शास्त्राच्या नावानेही एक नवे दैव निघाले आहे: कुंड्यांनी घरातील हवा शुद्ध होते म्हणतात. बंद पेटीतील प्रयोगांवरून १९८९ मध्ये ही आशा उत्पन्न झाली; २०१९ च्या समीक्षेत मात्र असे दिसून आले की, उघड्या खिडकीची बरोबरी करावयाची तर दर चौरस मीटरास निदान दहा झाडे लागतील.

तात्पर्य, नव्या वेलास हसावे असे आम्ही म्हणत नाही. ज्या खोलीत तुळस जगत नाही, तेथे तो जगतो, आणि उन्हावाचून राहणाऱ्या माणसास हिरवे पान दाखवितो. हे उपकार थोडे नव्हेत. आमचे म्हणणे इतकेच, की घट आणि तुळस यांच्यापाशी दैव हे रोज करावयाच्या कामाचे नाव होते; बाटलीपाशी ते वस्तूचे नाव झाले. त्या जुन्या अर्थाची ओढ मात्र अद्याप तुटलेली नाही. भाद्रपद सरता सरता मेढ्याहून मुंबईस निघालेल्या माणसाच्या पिशवीत, तांदूळ-नाचणीच्या पुडक्यांशेजारी, घटासाठी बांधून घेतलेली शेतातील मूठभर माती आम्ही पाहिली आहे.