निरोपाचे वर्ष

शाळेतले शेवटचे वर्ष म्हटले की मला आमच्या जेझुइट शाळेच्या जिन्यातली छायाचित्रांची रांग आठवते. तेव्हा शालान्त परीक्षा अकरावीला असे. ख्रिस्ती सोबती धर्मशिक्षणाच्या तासाला जात, तेव्हा आम्हा इतरांना नीतिपाठ असे. तो आटोपून उतरताना मी त्या दाढीवाल्या पाद्र्यांची नावे वाचीत असे. आधीची नावे जर्मन, नंतरची स्पॅनिश! एकदा धीर करून एका वृद्ध फादरांना कारण विचारले.

पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स १८६७ ची, मुंबईची सेंट झेवियर्स १८६९ ची. जर्मन जेझुइटांनी या शाळा नावारूपाला आणल्या. पण १९१४ साली महायुद्ध पेटले आणि कालपर्यंत फळ्यापाशी उभा असलेला गुरू सरकारच्या लेखी शत्रू ठरला. कित्येकांना स्थानबद्ध केले, कित्येकांची मायदेशी रवानगी झाली. मुंबईचे जर्मन आर्चबिशप युर्गेन्स १९१६ मध्ये वारले. त्यांच्या जागी १९१९ मध्ये इंग्रज जेझुइट गुडियर आले. पुढे स्पॅनिश पाद्री आले.

मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक मात्र कोणासाठी थांबली नाही. त्या वर्षांतली मुले परीक्षेला कशी बसली असतील?

आम्ही हारतुरे देऊन, पाया पडून गुरुजनांचा निरोप घेतला. त्या मुलांच्या वाट्याला तेवढेही आले नसेल. म्हणून शेवटच्या दिवशी मी जिन्यात थांबलो आणि त्या जर्मन नावांनाही हात जोडले.