गणिताच्या गोळ्या

एडीएचडी असलेल्या मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवायचे ठरले, की पुढचा प्रश्न येतो, आता औषध हवेच का? हा प्रश्न ऐकला, की मला १९३७ साल आठवते.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये अशा मुलांसाठी एक निवासी रुग्णालय होते. शाळाही तिथेच भरे. मेंदूच्या तपासणीनंतर मुलांचे डोके दुखे, म्हणून डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी बेन्झेड्रिन देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण काही मुले अभ्यासात रमली! मग ३० मुलांना आठवडाभर ते दिले. १४ जणांच्या अभ्यासात ठळक फरक पडला. मुले त्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणू लागली. गोळ्या थांबल्या आणि फरकही ओसरला.

१९९९ साली अमेरिकेतच ५७९ मुलांचा १४ महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लक्षणे आवरण्यात, नीट देखरेखीखाली दिलेले औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. तीन वर्षांनी मात्र गटांतला फरक उरला नव्हता.

मला यातून एवढेच दिसते, की गोळी गणित शिकवत नाही, गणिताजवळ बसू देते. घरी बाक नाही, घंटा नाही. त्यामुळे काही मुलांचे तिच्यावाचून भागेल. पण आवडीचे कामही पुरे होत नसेल, मूल स्वतःच रडकुंडीला येत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा कसला? मात्र घर शांत राहावे एवढ्यासाठी गोळी नको.